कुरडयांच्या राखणीला बिबट्या

मी आमच्या गच्चीवर बिबट्या बसवला. चूक माझी, एकट्याची. तिच्यात वानरांना, वनखात्याला किंवा आमच्या हिला ओढायचं काही कारण नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात या प्रकाराच्या चार-पाच आवृत्त्या फिरतात आणि त्यांतल्या एकीत मी मेलेला आहे.

बिबट्या अर्थातच कापसाचा होता. चांगला चार फुटी, काचेच्या डोळ्यांचा, लाल जीभ बाहेर काढलेला. लांबून जीभ दिसत नाही, हे मला नंतर कळलं.

आमचं गाव नगर-पुणे रस्त्यावरून आत, सुप्याच्या अलीकडे. पूर्वी आमचा डोंगर इतका उघडा होता की त्यावर चढलेल्या शेळ्या घराच्या ओट्यावरून मोजता यायच्या. मग हिवरे बाजारचं बघून आमच्याकडेही चर खणले, बांध घातले, झाडं लावली. मी तेव्हा गावच्याच शाळेत मास्तर. पोरांकडून झाडं लावून घेण्यात मी पुढे, आणि 'वन्य प्राणी आपले सोबती' या विषयावर दरवर्षी निबंध लिहून घेण्यात त्याहून पुढे. झाडं जगली, आणि मग सोबती आले. आधी मोर, मग ससे, मग रानडुकरं, मग काळ्या तोंडाची वानरं, आणि विहिरींना पाणी टिकून ऊस उभा राहिल्यावर त्या उसात बिबट्या. तो दिसतो क्वचित, पण त्याच्या बातम्या रोज. निबंध लिहिणारी पोरं आता बापे झालीत. डुकरांनी रात्रीतून भुईमूग उकरला की पारावर मला गाठून विचारतात, "गुर्जी, आपल्या सोबत्यांनी काल पुन्यांदा दर्शन दिलं. निबंध लिव्हू का?"

तर गेल्या उन्हाळ्यात मुलीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी होणाऱ्या विहीणबाई सहज म्हणाल्या, "कुरडया-बिरडया आता घरी कोण करत बसतंय? आम्ही तर विकतच्याच आणतो." आमची ही तितक्याच सहज म्हणाली, "आमच्याकडे करतात."

झालं. त्या दोन शब्दांवर माझा अख्खा उन्हाळा ठरला. रुखवतात कुरडयांचा मनोरा आणि पंगतीत प्रत्येक पानावर एक अख्खी, तळून फुललेली, पांढरीशुभ्र घरची कुरडई. हिनं हे बोलून दाखवलं नाही, पण ज्या पद्धतीनं ती गहू निवडायला बसली त्यावरून मला कळलं की आता लग्नात नवरदेव एक वेळ उशिरा आला तरी चालेल.

कुरडई खाताना कुरकुर वाजून संपते, पण करताना जीव काढते. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर तळाशी बसू द्यायचा, वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. पहाटे चुलीवर आधण ठेवून चीक शिजवायचा, आणि तो ढवळताना हात थांबला तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. शिजलेला चीक गरम आहे तोवर सोऱ्यात भरून गच्चीवर अंथरलेल्या चादरींवर चटाचट पाडायच्या. एकट्या बाईचं हे काम नाही. म्हणून आमच्या गल्लीत सावड असते. आज सगळ्याजणी एकीकडे, उद्या दुसरीकडे. हिशोब कुणी ठेवत नाही आणि विसरतही नाही. बायका पाडून गेल्या की पुढं दोन दिवसांची राखण, आणि ही राखण घरातल्या निवृत्त पुरुषाकडं असते. त्याला दुसरं काम नसतं, असा एक समज आहे.

पहिल्या खेपेला मी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत राखणीला बसलो. तिचा एक हात मोडलेला, तो मी तारेनं बांधलेला. हातात काठी, मांडीवर पेपर. ऊन कोवळं होतं, वारा छान होता. जाग आली ती हिच्या किंकाळीनं. बघतो तर खुर्चीच्या शेजारी एक दांडगा हुप्प्या अगदी माझ्यासारखाच पाय सोडून बसलेला. हातात कुरडई, आणि शेपूट माझ्या मांडीवरच्या पेपरावर. कठड्यावर त्याचं कुटुंब होतं. चादरींवर कुरडयांच्या जागी ओले गोल डाग तेवढे उरले होते.

ही मला काही बोलली नाही. तीन दिवस नाही. चौथ्या दिवशी तिनं पुन्हा गहू भिजत घातला आणि मग म्हणाली, "लग्नाला दहा दिवस राहिलेत. बायकांना मी पुन्हा एकदाच बोलावू शकते, तिसऱ्यांदा मला तोंड नाही. या खेपेला त्या खुर्चीतून उठायचं नाही. पेपर नाही, डुलकी नाही."

"अजिबात नाही," मी म्हणालो. आणि तिथंच माझ्या डोक्यात विचार आला. माझ्या डोक्यात विचार येतो तेव्हा घरातल्यांनी खरं तर सावध व्हायला हवं.

वानर कुणाला भितं? बिबट्याला. मग रस्त्याकडेला मोठमोठी खेळणी विकायला बसतात त्यांच्याकडे गेलो. मी वाघ मागितला होता, हे माझ्या बाजूनं नोंदवून ठेवा. विकणारा म्हणाला, "पट्ट्यांचा संपला काका, ठिपक्यांचा हाय. ह्यो बी लई गुणाचा." मी ठिपक्यांचा घेतला. ज्या गावात ठिपके म्हटल्यावर लोक लेकरं घरात ओढतात, त्या गावात मी ते धूड पोत्यात घालून आणलं आणि कडब्याच्या गंजीमागं दडवलं. हिला सांगितलं नाही. म्हटलं, काम फत्ते झालं की सांगू.

कुरडयांचा दिवस उजाडला. पहाटेपासून चूल धडधडत होती, सोरे फिरत होते, बायकांच्या गप्पांना ऊत आला होता. शेजारच्या आक्का, वय सत्तरीच्या पुढचं आणि जीभ विशीतली, मला पाहून म्हणाल्या, "गुर्जी, आज वानराला च्या बी देनार का?" नऊ वाजता गच्ची पांढऱ्या चक्रांनी भरून गेली. बायका गेल्या. ही खाली पातेली घासायला बसली. मी वर खुर्चीत.

पाच मिनिटं दम धरला. मग मागच्या जिन्यानं उतरून पोतं वर आणलं. बिबट्या पाण्याच्या टाकीजवळ कठड्याला टेकवून असा बसवला की तोंड डोंगराकडे. मोबाईलवर डरकाळीचा एक व्हिडिओ शोधला, तो पुन्हापुन्हा वाजत राहील असा लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि मोबाईल उन्हानं तापू नये म्हणून बिबट्याच्या पोटाखाली ठेवला. दोन मिनिटांत समोरच्या चिंचेवर वानरं 'खॉक खॉक' ओरडायला लागली आणि टणाटण उड्या मारत डोंगराकडे पळाली. एकही मागं वळून बघेना. मला इतका आनंद झाला की मी त्या बिबट्याच्या पाठीवर थाप मारली.

आता राखणीला बिबट्या असताना तिथं माणसानं बसायचं कशाला? मला नगरला जायचंच होतं. लग्नासाठी केस काळे करायचे होते, आणि रंगानं डोक्यावर पुरळ उठतं की नाही हे आधी एकदा बघायला हवं होतं. दोन तासांत जाऊन येऊ, हिला पत्ताही लागणार नाही. मागच्या जिन्यानं उतरलो, कडब्याच्या आडून निघालो, फाट्यावर वडापची, माणसं भरली की सुटणारी जीप मिळाली. आयुष्यात शाळा कधी बुडवली नव्हती. साठी उलटल्यावर ती मजा कळली.

मागं काय झालं ते मला आक्कांकडून कळलं, आणि आक्का एकदा सांगायला लागल्या की काही ठेवत नाहीत.

मी गेल्यावर अर्ध्या तासानं खालच्या रस्त्यानं एक ट्रॅक्टर चालला होता. चालवणाऱ्यानं वर पाहिलं, ट्रॅक्टर जागेवर थांबवला, आधी व्हिडिओ काढला आणि मग बोंब मारली, "वयनी! दार लावून घ्या! गच्चीव बिबट्या हाय!"

पातेल्यांच्या खणखणाटात हिला तोवर वरचं काही ऐकू आलं नव्हतं. ही पातेलं टाकून उठली. म्हणाली, "गच्चीवर आमचे हे आहेत."

तोवर आरडाओरड्यानं गल्ली गोळा झाली. मग हिनं खालूनच हाका मारल्या. वरून उत्तर म्हणून डरकाळी आली. मग कुणीतरी माझा नंबर लावला. वर डरकाळी थांबली आणि बिबट्याच्या पोटातून माझ्या मोबाईलचं भजन वाजायला लागलं.

"पोटातून वाजतंय!" कुणीतरी म्हणालं.

एवढं वाक्य पुरलं. तासाभरात ते तालुकाभर झालं.

मी त्या वेळी नगरमध्ये सलूनच्या खुर्चीत होतो. डोक्याच्या डाव्या बाजूला रंग लावून झाला होता, उजवी बाकी होती. रंग लावणारा गेली वीस-पंचवीस वर्षं माझं डोकं सांभाळतोय. त्याचा मोबाईल टुणकन वाजला, त्यानं बघितला आणि ब्रश हातातच राहिला. "काका, हे बघा. तुमच्याच बाजूचं असंल."

व्हिडिओ हलता होता. कुठल्यातरी घराची गच्ची, काळी टाकी, टाकीशी बिबट्या. खाली लिहिलेलं: 'बिबट्याने निवृत्त गुरुजींना खाल्ले. मोबाईल पोटात वाजत आहे. सर्वांना पाठवा.' गावाचं नाव नाही. अशा निरोपांना गाव कधी नसतंच.

मला फार वाईट वाटलं. पेशातला माणूस गेला. "अरेरे," मी म्हणालो. "पण चूक त्यांचीच असणार. बिबट्याचा भाग आहे हे माहीत असताना गच्चीवर एकटं बसायचंच कशाला? काही माणसांना शिकूनही अक्कल येत नाही."

शेजारच्या खुर्चीत दाढी करून घेणारे गृहस्थ म्हणाले, "काय सांगता येतं, भला माणूस असेल."

"असेल हो. पण अक्कल वेगळी," मी म्हणालो. आणि मग बिबट्या ओळखायचा कसा, समोर आल्यावर पाठ दाखवायची नाही, ओरडायचं कसं, यावर मी पाचएक मिनिटं त्या सगळ्यांना शिकवलं. चाळीसभर वर्षांची सवय. तोंडातून धडा निघतो. शिकवता शिकवता तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला शेवटपर्यंत बघितला. शेवटी कॅमेरा जरा सरकला, आणि टाकीच्या पलीकडे एक निळी खुर्ची दिसली. तिचा एक हात तारेनं बांधलेला होता.

खुर्ची रिकामी होती.

मी काय बोललो आठवत नाही. "माझी खुर्ची," असं काहीतरी बोललो असणार, कारण रंगवाला म्हणाला, "तुम्ही बसलात ना काका खुर्चीत." मी त्याचा मोबाईल ओढून घेतला, घरी फोन लावायला. आणि लक्षात आलं की मला बायकोचा नंबर पाठ नाही, मुलीचा नाही, आक्कांचा नाही. मला या जगात एकच नंबर पाठ आहे, माझा स्वतःचा. घाबरलेला माणूस जे येतं ते करतो. मी तोच लावला. रिंग गेली, गेली, कुणी उचलला नाही. इकडे गावात, आक्कांनी सांगितलं, त्या वेळी बिबट्याचं पोट पुन्हा वाजलं आणि दोघीजणींनी डोळ्याला पदर लावला.

रंगवाल्यानं माझ्या अर्ध्या रंगवलेल्या डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळला आणि मी पळालो. परतीच्या जीपमध्ये चालक सबंध वाटभर माझीच गोष्ट सांगत होता. "कपडे तेवढे घावले म्हनं. चांगला मानूस हुता, पोरांना लई मारायचा पन."

"इतकाही मारत नव्हता," मी म्हणालो.

"तुमच्या वळखीचे हुते का?"

"थोडे," मी म्हणालो.

गावात शिरलो तर जत्रा भरलेली. आमच्या घरासमोर सगळा गाव, वर शेजारच्या दोन वाड्यांचे लोक, झाडावर पोरं, आणि भेळेची गाडीसुद्धा. वनखात्याचे दोन जण येऊन पोचले होते. पिंजऱ्याची गाडी मागून निघाली होती. त्यांच्यातला वयस्क माणूस कानाला हात लावून वरचा आवाज ऐकत होता आणि म्हणत होता, "बिबट्या असा ओरडत नाही हो. हा करवतीसारखा घोगरतो. हा आवाज तर मला सिंहाचा वाटतोय."

मागून कुणीतरी विचारलं, "म्हंजी शिंव्ह बी हाय?" आणि गर्दी दहा पावलं मागं सरली. त्या दहा पावलांमुळं मी एकदम सगळ्यांच्या पुढं आलो.

आधी कुणी ओळखलं नाही. मग एकाला ओळख पटली. "गुर्जी! गुर्जी हायेत!" "आरं, डोकं फोडलंय त्यांचं, पट्टी हाय!" "पट्टीतून काळं रगत येतंय!" टॉवेलखालून रंग ओघळत होता, त्याला मी काय करू. मला हात लावून बघायला माणसं पुढं आली. मी म्हणालो, काही नाही, नगरला गेलो होतो, मोबाईल वर राहिला. खरंच बोललो. फक्त अर्धंच.

ही दारात उभी होती. डोळे लाल. तिनं माझ्याकडे पाहिलं, टॉवेलकडे पाहिलं, कपाळावरच्या काळ्या ओघळाकडे पाहिलं. "नगरला," ती एवढंच म्हणाली. आक्का मागून कुजबुजल्या, "काठी घिऊन वर निघाली हुती. पाच जनींनी धरली म्हनून."

"माझ्यासाठी?" मी विचारलं. मला भरूनच आलं.

"अर्धी तुमच्यासाठी, अर्धी कुरडयांसाठी. कुठलं अर्धं मोटं त्ये मला इचारू नका."

आता सांगून टाकायला हवं होतं. मला कळत होतं. साधं वाक्य होतं: तो कापसाचा आहे. पण समोर गाव होतं, वनखातं होतं, भेळवाला होता, आणि मी निबंध तपासलेली निम्मी गर्दी होती. म्हटलं, पिंजऱ्याची गाडी येऊ दे, गर्दी पांगू दे, संध्याकाळी गुपचूप उतरवू.

तेवढ्यात डोंगरामागून गार वारा सुटला. वर बघितलं तर पश्चिमेकडनं अवकाळीचा ढग काळाभोर होऊन चढत होता. आमच्याकडे उन्हाळ्यात असा ढग दुपारी कधीही उगवतो आणि दहा मिनिटांत बदाबदा ओतून मोकळा होतो. ओल्या कुरडईला पाणी लागलं की तिचा पुन्हा चीक होतो. दुसऱ्या खेपेचा गहू, गल्लीचे हात, विहीणबाईंसमोर बोललेले दोन शब्द, सगळं त्या गच्चीवर उघडं पडलं होतं.

हिनं पदर खोचला आणि वनखात्याच्या माणसासमोर जाऊन उभी राहिली. "साहेब, पाऊस येतोय. मला वर जाऊ द्या."

"ताई, वर बिबट्या आहे."

"असू दे. तो एका कोपऱ्यात आहे. मी दुसऱ्या कोपऱ्यातून गोळा करते. दहा मिनिटांचं काम आहे."

"अहो, जनावर आहे ते."

"मी त्याला काही करत नाही," ही म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

ती खरंच निघाली होती. खरा बिबट्या आहे असं समजून, कुरडयांसाठी. मला इतकी लाज वाटली की त्या लाजेत माणूस खरं बोलून मोकळा झाला असता. मी काय केलं? मी तिच्या वाटेत आडवा झालो आणि मोठ्यांदा म्हणालो, "तू थांब. मी जातो."

वनखात्याचा माणूस 'अहो गुरुजी' म्हणेपर्यंत मी कुणाच्या तरी हातातली काठी घेतली होती. आणि मग तिनं माझी बाही धरली. हळूच म्हणाली, "जाऊ नका हो. राहू द्या कुरडया."

एवढ्या वर्षांच्या संसारात या बाईनं कुरडया राहू द्या म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. त्या वेळी तिच्या कानात सांगायचं होतं. माझं तोंड उघडलंही होतं. पण शंभर माणसं माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती की तसं त्यांनी शाळेत कधी बघितलं नव्हतं, आणि मी मोहात पडलो. बाही सोडवून घेतली आणि पुढच्या जिन्यानं वर गेलो.

वर गेल्यावर मी जो पराक्रम केला तो सांगायला मला आजही आवडतं. काठीनं पाण्याची टाकी बडवली. "हाड! हाड! चल नीघ!" म्हणून ओरडलो. दोनदा स्वतःच 'अरे बाप रे' म्हणालो. खुर्ची आपटली. खाली पब्लिक श्वास रोखून उभं. बिबट्या जीभ काढून निवांत डोंगराकडे बघत होता. मग त्याची मानगूट धरली, मोबाईल काढून खिशात टाकला, आणि मागच्या बाजूनं, कडब्याच्या गंजीवर पडेल असा बेतानं फेकून दिला. "गेला!" मी ओरडलो. "मागं गेला, उसात गेला!"

खाली टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा कल्लोळ. कुणीतरी माझ्या नावाचा जयजयकारही केला. मी कठड्याशी येऊन हात वर केला.

आणि टाळ्या बघता बघता थांबल्या.

झालं असं की मला एकट्याला वर सोडून ही दारात उभी राहू शकली नव्हती. गर्दीची नजर चुकवून, हातात उलथनं घेऊन, ती मागच्या जिन्यानं माझ्या मदतीला निघाली होती. बिबट्या तिच्या पुढ्यात येऊन पडला. आता ती घराला वळसा घालून पुढं आली, उलथनं उजव्या हातात, बिबट्या डाव्या काखेत. त्याचं शेपूट जमिनीवरून फरफटत होतं.

तिनं तो बिबट्या वनखात्याच्या माणसाच्या हातात दिला. त्यानं उलटापालटा करून बघितला, पोट दाबलं. पोटातून 'च्यूं' असा आवाज आला. तसं खेळण्यात बसवलेलं होतं, मला माहीत नव्हतं. मग पहिल्यांदा आक्का हसल्या, आणि मग गाव जे हसलं ते हसलं. झाडावरचं एक पोरगं हसून खाली पडता पडता राहिलं. भेळवाल्यानं पातेल्यावर चमचा वाजवला.

वर मी हात वर करून तसाच उभा होतो. तो खाली कसा घ्यावा हे कळेना.

ढगाचा पहिला टपोरा थेंब माझ्या टॉवेलवर पडला, तेव्हा ही खालून ओरडली, "हसायचं नंतर! आधी कुरडया!"

त्यानंतर जे झालं तसं मी आमच्या गावात कधी बघितलं नाही. ग्रामसभेला सतरांदा दवंडी देऊन न येणारे लोक दोन्ही जिन्यांनी धावत वर आले. चादरींची चारी टोकं धरून बायका कुरडयांसकट खाली उतरवायला लागल्या. वनखात्याचे दोघे, ट्रॅक्टरवाला, जीपमध्ये मला मेलेला सांगणारा चालकसुद्धा. तो कधी मागून आला कुणास ठाऊक. ट्रॅक्टरवाला तर एका हातानं चादर धरून दुसऱ्या हातानं पुन्हा व्हिडिओ काढत होता. ही मधोमध उभी राहून हुकूम सोडत होती. "वाकवू नका! तिरकं नको! अहो साहेब, पाय बघून!" वयस्क वनरक्षक 'हो ताई, हो ताई' करत होता. शेवटची चादर दारातून आत गेली आणि पाऊस कोसळला. पंधरा-वीस कुरडया मोडल्या, तेवढ्याच. त्या पोरांनी जागच्या जागी कच्च्याच खाल्ल्या.

सगळी माणसं आमच्या घरात दाटीवाटीनं उभी. पलंगावर, टेबलावर, देव्हाऱ्यासमोर, टीव्हीवर, जिथं जागा तिथं कुरडया. हिनं मोठ्या पातेल्यात चहा टाकला. राहिलेला चीक साखर घालून वाट्यांतून फिरवला. वनरक्षकानं दुसरी वाटी मागून घेतली आणि पिंजऱ्याच्या गाडीला माघारी फिरायचा फोन केला. का, हे त्यानं फोनवर सांगितलं नाही. "गैरसमज होता," एवढंच म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. भला माणूस.

कुरडया दोन दिवस घरात पंख्याखाली आणि मग उन्हात वाळल्या. ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्याच्या उजव्या बाजूला रंग लावून दिला. लावताना तिला मधेच हसू फुटायचं आणि ब्रश कानावर जायचा. लग्नात पंगतीला पानापानावर कुरडई फुलली. विहीणबाईंनी दुसरी मागून घेतली आणि म्हणाल्या, "घरच्या आहेत हो खरंच." आमच्या हिनं तिसरीही त्यांच्या पानात ठेवली.

पंगत उठल्यावर मी आक्कांना जरा बाजूला घेतलं. त्या दिवशीचं त्यांनी सबंध मांडवभर सांगून ठेवलं होतं, तर निदान माझी चांगली बाजूही सांगावी, अशी माझी अपेक्षा. म्हटलं, "आक्का, कसंही असो, कुरडया राखल्या की नाही? पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या गच्चीवर राखणीला मीच येतो."

आक्कांनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात सारला.

"तुमी नका येऊ गुर्जी," त्या म्हणाल्या. "त्यो बिबट्याच धाडा. त्यो बसवला तिथं बसतो तरी."